शून्य आणि रेघा यांत फरक आहे

सायकल कॉम्प्युटरवर कॅडन्सच्या, म्हणजे पेडल मिनिटाला किती वेळा फिरतं त्या आकड्याच्या, जागी ० दिसतोय की नुसत्या दोन रेघा, हे आधी बघा. ० म्हणजे सेन्सर जोडलेला आहे, पण पेडल फिरत नाहीये. रेघा म्हणजे सेन्सरकडून काहीच येत नाहीये. बहुतेक कॉम्प्युटरवर सेन्सरचं चिन्ह लुकलुकत असेल तर शोध चालू आहे आणि स्थिर झालं की जोडणी झाली.

रेघा दिसल्या की लगेच सेन्सर काढून टाकून नव्याने पेअर करायला घेऊ नका. सेन्सर बॅटरी वाचवायला झोपतात. क्रँक (पेडलचा दांडा) किंवा चाक चार-पाच वेळा फिरवलं की जागे होतात. हृदयाचे ठोके मोजणाऱ्या छातीच्या पट्ट्याचे इलेक्ट्रोड (त्वचेला टेकणारे भाग) थोडे ओले करून पट्टा अंगावर चढवावा लागतो, टेबलावर पडलेला पट्टा सापडणारच नाही.

तरीही सापडत नसेल तर संशय फोनवर घ्या. सेन्सर एएनटी प्लस किंवा ब्लूटूथ या बिनतारी पद्धतींनी बोलतात. एएनटी प्लसवर एकच सेन्सर कितीही उपकरणांना ऐकू जातो. ब्लूटूथचं तसं नाही, बरेच सेन्सर एका वेळी एकाच उपकरणाशी बोलतात. मागे उघडं राहिलेलं ट्रेनिंग ॲप तो सेन्सर गुपचूप अडकवून बसतं! ॲप बंद करा, मग कॉम्प्युटरवर शोधा.

चालू राइडमध्ये जोडणी वारंवार तुटायला लागली तर बहुधा बॅटरी उतरलेली असते. बऱ्याच सेन्सरमध्ये सीआर२०३२ ही बटण बॅटरी असते.

आणि पहिलं पेअरिंग घोळक्यात करू नका. शेजाऱ्याचे ठोके तुमच्या स्क्रीनवर दिसू शकतात.