साठलेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्या उन्हाळ्यात अशा संपवा

विदर्भात उन्हाळ्याच्या सुट्ट्या जूनच्या अखेरीपर्यंत लांबतात. पारा ४५ अंशांवर गेला की दुपारी घराबाहेर पडायची सोय नाही. साठलेल्या कादंबऱ्यांसाठी हाच वेळ. मात्र दहा पुस्तकं एकदम काढू नका, एकच मालिका धरा. उदाहरणार्थ, आधी ‘द हॉबिट’ (१९३७), मग ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५). प्रकाशनाचा क्रम पाळला की गोष्ट नीट उलगडते.

खरी गोची नावांची. पिढ्यान्‌पिढ्यांची राजघराणी, त्यात एकाच माणसाला दोन-तीन नावं! पोस्टकार्डाएवढ्या कागदावर नाव, नातं आणि पान क्रमांक लिहीत जा. पुस्तकात खूण म्हणून तोच कागद ठेवा. नकाशा असेल तर मोबाइलवर त्याचा फोटो काढा, म्हणजे दरवेळी मागची पानं चाळावी लागत नाहीत.

ई-पुस्तकं तालुक्याला गेलात की तिथेच उतरवून घ्या, गावात रेंजचा भरवसा नाही. लाइन जाऊन कुलर बंद पडला, तर बाज निंबाखाली न्यायची आणि छापील पुस्तक काढायचं. पन्नास पानांत मन रमलं नाही तर खुशाल सोडा. मी एक जाडजूड खंड तीन उन्हाळे उगाच ओढत बसलो होतो.