सात सीटरच्या ब्रेकच्या डिस्क घरी बदलायच्या असतील तर

मागच्या वर्षी घरच्या सात सीटरच्या समोरच्या दोन्ही डिस्क मी स्वतः बदलल्या, गावभर सांगत फिरलो, अन् चार महिन्यांनी चिखलदऱ्याहून परतवाड्याकडं घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवला की पेडल थरथरे अन् स्टिअरिंग हाले, मागं आई अन् पोरं बसलेली. दुकानदाराले शिव्या घातल्या की वाकडी डिस्क देल्ली म्हणून. चूक माझी होती, हब, म्हंजे डिस्क ज्याच्यावर बसते तो भाग, साफ केला नव्हता.

म्हणून सामान काढताना पहिले तारेचा ब्रश अन् पॉलिश पेपर काढा. जॅक, पाना कोणी विसरत नाही, हे विसरतात.

जुनी डिस्क खरंच गेली का ते आधी मोजा. कमीत कमी जाडीचा आकडा तिच्यावरच कोरलेला असतो. लेथवाल्याकडून व्हर्नियर मागा, पण काठाला उंचवटा राहते तो सोडून मोजा, नाहीतर डिस्क जाड दिसते. पावसात दोन दिवस गाडी उभी राहिली की जो तांबूस गंज येते तो चार ब्रेक मारले की जाते, त्यापायी खर्च करू नका. घेतल्या तर दोन्ही बाजूच्या, डिस्कले दाबणारे पॅडही नवे. ब्रेक क्लीनर पाह्यजेच कारण नव्या डिस्कले तेल लावलेलं असते. कॅलिपर, म्हंजे पॅड धरणारा भाग, ज्याच्यावर सरकते त्या स्लायडर पिनले ब्रेकचंच ग्रीस, बेअरिंगचं लावलं तर रबर फुगते. कॅलिपर टांगाले एक तार, तो ब्रेकच्या पायपावर लोंबकळत ठेवू नका.

काळ्या मातीत जॅक लावू नका बापा, बुडते. सिमेंटच्या ओट्यावर घ्या, खाली स्टँड द्या, अन् नट चाक जमिनीवर असतानाच ढिले करा.

आता हब. डिस्क निघाली की तिच्या मागं जी पाटी दिसते ती घासा, बोल्टांच्या बुडाशी जास्त घासा, गंज तिथंच बसते. तिथं पापडी राहिली तर डिस्क केसभर तिरपी बसते, दर फेऱ्याले एकाच जागी पॅडले घासते, हळूहळू तेवढी जागा पातळ होते अन् मग थरथर सुरू. पहिल्या दिवशी काहीच समजत नाही, म्हणून तं मी फसलो. बोट फिरवून पाहा, खरखर लागली तर परत घासा. दुसऱ्या बाजूचाही घासा, मले माहीत आहे तवर कंटाळा येते.

नव्या पॅडले जागा व्हावी म्हणून कॅलिपरचा पिस्टन मागं दाबताना ब्रेक ऑइलच्या डब्बीवर नजर ठेवा, उतू जाऊन रंग खाते. नट आलटून-पालटून आवळा, पंक्चरवाल्याची नट आवळायची गन नको.

गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईस्तोर पंप करा, हे केलं नाही तर पहिल्यांदा ब्रेक लागतच नाही. रिकाम्या रस्त्यावर पन्नासवरून दहावर आठ-दहा वेळा हळू ब्रेक, मधात डिस्क थंडी होऊ द्या. पन्नास किलोमीटरनं नट परत पाहा. हब दोन्हीकडचा घासला ना?