पावसात भिजलेल्या बाराबोअर बंदुकीची निगा
बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात पिकाच्या राखणीसाठी परवान्यावर बाराबोअर (छऱ्यांची दुनळी) बंदूक बाळगणाऱ्यांनी ती भिजली की त्याच रात्री पुसावी; सकाळपर्यंत गंज धरू लागतो. आधी बंदूक उघडून दोन्ही नळ्यांत काडतूस नाही, हे डोळ्यांनी पाहावे, बोटानेही चाचपावे आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. मग नळी साफ करायच्या गजाला सुती चिंधी लावून ती काडतुसाच्या बाजूने तोंडाकडे सरकवावी, आणि चिंधी काळी निघेनाशी झाली की बंदुकीच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा, कारण जादा तेल लाकडी दस्त्यात मुरून लाकूड मऊ पडते. चामडी म्यानात बंदूक कधीही साठवू नये. चामडे ओल धरते आणि नळीवर तांबूस ठिपके उठतात.