हार्मोन उपचारात रक्ततपासणी कधी आणि कशासाठी

ट्रान्सजेंडर व्यक्तींनी शरीर आपल्या लिंगओळखीशी जुळवण्यासाठीचे हार्मोन सुरू होण्याआधीच हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण), यकृत, लिपिड (रक्तातली चरबी) आणि साखर तपासून घ्या. पुढचे आकडे याच्याशीच ताडले जातात. मूल हवं असेल तर शुक्राणू किंवा बीजांडं गोठवण्याची वेळही हीच. पहिल्या वर्षी दर 3 महिन्यांनी तपासणी, मग वर्षातून एकदा-दोनदा.

टेस्टोस्टेरॉनमुळे (पुरुषी हार्मोन) रक्त दाट होतं. हिमॅटोक्रिट 54 टक्क्यांच्या वर गेला की डॉक्टर सहसा डोस कमी करतात किंवा काही काळ थांबवतात. आठवड्याचं इंजेक्शन असेल तर टेस्टोस्टेरॉनची पातळी मोजायला रक्त दोन इंजेक्शनांच्या मधोमध द्या. दुसऱ्याच दिवशी दिलं तर आकडा फुगलेला येतो आणि डोस उगाच घटवला जातो. पाळी थांबली तरी गर्भ राहू शकतो, हे बरेच जण विसरतात.

इस्ट्रोजेनसोबत (स्त्री हार्मोन) स्पायरोनोलॅक्टोन हे पुरुषी हार्मोन रोखणारं औषध चालू असेल तर पोटॅशियम बघायलाच हवं. ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. धूम्रपान करत असाल किंवा पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल तर ते आधीच सांगा; अशा वेळी इस्ट्रोजेनच्या गोळीपेक्षा त्वचेवर चिकटवायचा पॅच बरा. परिणाम लवकर दिसावा म्हणून डोस स्वतःहून वाढवू नका, स्तनांच्या पूर्ण वाढीला 2-3 वर्षं लागतातच. एकच पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक दम लागला, तर ती गुठळी असू शकते; तपासणीच्या पुढच्या तारखेची वाट न बघता थेट इमर्जन्सीत जा.