कंपवात वाढल्यावर घरात या चुका टाळा

कंपवात (पार्किन्सन्स) जुना झाला की घरातल्यांचं लक्ष हाताच्या थरथरीवरच असतं. या टप्प्यावर त्याहून जास्त छळतं ते वेगळंच: पाय जागेवर खिळणं, तोल जाणं, घास घशात अडकणं, पोट साफ न होणं, झोपमोड. आजार परतवता येत नाही, पण यातला बराचसा त्रास घरातल्या सवयी बदलून हलका करता येतो.

सगळ्यात महागात पडते ती गोळीच्या वेळेची हयगय. ‘दिवसातून चार वेळा’ म्हणजे चहा-जेवणाबरोबर चार वेळा नव्हे. आजार वाढल्यावर लेवोडोपाच्या, म्हणजे कंपवाताच्या मुख्य औषधाच्या, एका डोसचा असर अनेकदा दोन-तीन तासच टिकतो, आणि अर्ध्या तासाच्या उशिराने माणूस खुर्चीतून उठेनासा होतो. शिवाय प्रथिनं या औषधाच्या वाटेत आडवी येतात. दूध, पनीर, वरण, अंडी यांच्यासोबत गोळी दिली तर ती नीट लागू पडत नाही. जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने, साध्या पाण्याबरोबर द्या. मळमळत असेल तर एखादं बिस्किट चालतं. म्हणून डाळ-दूध बंद मात्र करू नका, वजन आधीच उतरत असतं. लोहाची गोळी चालू असेल तर दोन तासांचं अंतर ठेवा.

एक वही करा. गोळी किती वाजता दिली, अंग कधी मोकळं झालं, कधी आखडलं, कधी नको तेवढं वळवळलं. आठवड्याभराची ही नोंद पाहून न्यूरॉलॉजिस्ट डोस नेमका बदलू शकतात. अंघोळ, नातेवाइकांच्या भेटी, बँकेचं काम हे सगळं त्या मोकळ्या तासांत बसवा. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतल्या गारठ्यात पहाटे सहाला फिरायला नेण्याचा हट्ट कशासाठी? पहिली गोळी लागू पडू द्या, ऊन येऊ द्या, मग गंगापूर रोडला न्या.

न्हाणीघराच्या दारात पाय खिळले की आपण हात धरून ओढतो. तेव्हाच माणूस पडतो, कारण धड पुढे जातं आणि पावलं मागेच राहतात. ओढू नका, ‘चला, चला’ही म्हणू नका. त्यांना आधी पूर्ण थांबू द्या. मग वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायला सांगा आणि मोठ्याने ‘एक, दोन, एक, दोन’ म्हणा. दाराआधी फरशीवर रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या लावल्या तर त्या ओलांडायला म्हणून पाऊल उचललं जातं. वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठा वळसा घ्या. जुन्या नाशकातल्या वाड्यांत उंबरे उंच असतात. तिथे भिंतीला पकडायला दांडा हवाच.

उलटी किंवा चक्कर आली म्हणून जवळच्या मेडिकलमधून गोळी आणू नका. मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन यांनी कंपवात बळावतो. भास होतात म्हणून दिलेलं हॅलोपेरिडॉलही तसंच. ही नावं फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहा आणि दवाखान्यात भरती करताना आधी ती दाखवा. लेवोडोपा अचानक बंद करणं जिवावर बेतू शकतं, हेही तिथे लिहा. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर बीपी झोपून आणि उभं राहून, असं दोनदा मोजा. अचानक बरळू लागले तर आधी लघवीचा संसर्ग तपासून घ्या.

जेवताना पाठ सरळ, घास लहान, टीव्ही बंद. पाण्याने ठसका लागत असेल तर स्पीच थेरपिस्टला दाखवा (गिळण्याचा त्रासही तेच पाहतात), अन्न फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो.

आणि एक चूक मला सगळ्यात जास्त सलते. चेहऱ्याचे स्नायू आखडल्याने चेहरा कोरा दिसतो, आवाज खोल जातो, आणि आपण धरून चालतो की यांना कळतच नाही. पाहुणे त्यांच्यादेखत मुलाला विचारतात, “कसे आहेत नाना?” नाना समोर बसलेले असतात. त्यांनाच विचारा, आणि उत्तराला वेळ द्या. शब्द जुळवायला त्यांना आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मधेच वाक्य पूर्ण करून टाकू नका. दिवसेंदिवस कशातच मन लागत नसेल तर ‘वयच झालं’ म्हणून सोडून देऊ नका. नैराश्य या आजाराचाच भाग असतं आणि त्यावर उपचार आहेत. पुढच्या भेटीत डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, नानांच्या समोर, त्यांना विचारून.