चेन वाजतेय म्हणून आवळून आणली? या चुका टाळा

पावसाळा आला की मोटरसायकलची चेन वाजायला लागते, आणि चेन वाजली की लोकांचा हात थेट पान्याकडे जातो. सैल चेन कुरकुरते, म्हणून ती सगळ्यांना खुपते. जास्त आवळलेली चेन गपगुमान चालते, त्यामुळे मालक खूश. माझ्याकडे दाखवायला येणाऱ्या गाड्यांत आवळलेल्या चेनवाल्याच जास्त, आणि मोठा खर्चही त्यांचाच निघतो.

पुढचं स्प्रॉकेट (चेन चढते ते दातेरी चाक), स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्हट म्हणजे पुढचा सांधा, आणि मागचा ॲक्सल, म्हणजे मागच्या चाकाचा आस, एका रेषेत आले की दोन्ही स्प्रॉकेटमधलं अंतर सर्वांत जास्त होतं. गाडी रिकामी उभी असताना ते तसे नसतात. मागे माणूस बसला, खड्डा आला, सस्पेन्शन दबलं की येतात. त्या वेळी चेनला लागणारी ढिलाई तुम्ही आधीच संपवली असेल, तर सगळी ओढ गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगवर बसते.

एका जुलैत आम्ही चौघे कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालो होतो. त्यातल्या एकाला दर पंधरा दिवसांनी चेन आवळून घ्यायची सवय. निघायच्या आदल्या दिवशीही घेतली होती. मी बोट लावून बघितलं, तर चेन जेमतेम हलत होती. म्हटलं, थोडी सोड. "राहू दे रे, आवाज बघ ना, एकदम बंद!" मागे बायको, दोन्ही बाजूंना बॅगा. आंबा घाट उतरताना प्रत्येक खड्ड्याला त्याच्या गाडीतून करकर ऐकू येत होती. साखरप्याला चहाला थांबलो, तर पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरखालून ऑइल ठिबकत होतं. कव्हर काढून शाफ्ट हाताने हलवला, तर चक्क खुळखुळत होता. ऑइल अडवणारं सील गेलेलं, बेअरिंगही गेलेलं. सील बाहेरून बदलता येतं, पण त्या बेअरिंगसाठी इंजिन उतरवून खोलावं लागलं. चेन सेटच्या (चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट) कितीतरी पट बिल झालं, आणि मूळ तक्रार काय होती, तर आवाज.

तेव्हा आधी मोजा. खालच्या बाजूला, दोन स्प्रॉकेटच्या मधोमध, पट्टी धरून चेन वर-खाली करा. 100 ते 150 सीसीच्या बहुतेक गाड्यांना एकूण 20 ते 30 मिमी हालचाल लागते. लांब सस्पेन्शनच्या गाड्यांना जास्त. तुमच्या गाडीचा नेमका आकडा, आणि तो साइड स्टँडवर मोजायचा की डबल स्टँडवर, हे मॅन्युअलमध्ये असतं. बऱ्याच गाड्यांच्या स्विंगआर्मवर स्टिकरही असतो, चिखल पुसलात तर दिसेल. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. सर्वांत आवळ जागा सापडली की तिथलं माप धरा. ॲक्सलचा नट आवळताना माप सरकतं, म्हणून नंतर पुन्हा एकदा बघा. मी स्वतः दिलेल्या मापाच्या सैल टोकाला राहतो. थोडा आवाज झाला तर होऊ दे.

दुसरा माझा जुना राग म्हणजे मेकॅनिकचं हे वाक्य: "ॲडजस्टर (चेन आवळायचा स्क्रू) संपला साहेब, कडी काढून देतो." नाही म्हणा. चेन रबरासारखी ताणली जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि बुश झिजून दोन पिनांमधलं अंतर वाढतं. कडी काढून चेन आखूड होईल, पण ते वाढलेलं अंतर तसंच राहील आणि ती दातांवर चढून स्प्रॉकेट खात राहील. 428 नंबरच्या चेनची एक कडी 12.7 मिमीची, म्हणजे 20 कड्या 254 मिमी. चेन ताणून धरून मोजल्यावर त्या 259 च्या आसपास भरल्या, तर ती चेन संपली. मागच्या स्प्रॉकेटच्या पार मागच्या टोकाला चेन बोटाने बाहेर ओढा. अर्धा दात उघडा पडला, तर उरलेली तपासणी करायचीसुद्धा गरज नाही. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला. आकड्यासारख्या वाकलेल्या दातांवर नवी चेन चढवून पैसे वाचवणारे लवकरच दुसरी चेन घ्यायला येतात.

इंजिनातून काढलेलं काळं ऑइल चेनला घालू नका, त्यात धातूचा चुरा असतो. बाहेरून थापलेलं ग्रीस धूळ पकडतं. ओ-रिंगच्या (कड्यांत रबरी रिंगा असलेल्या) चेनला पेट्रोल आणि तारेचा ब्रश दोन्ही वर्ज्य. रॉकेल, मऊ ब्रश आणि फडकं पुरे. वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशरचा फवारा चेनवर जवळून मारू देऊ नका. ऑइल किंवा स्प्रे चेनच्या आतल्या बाजूने, गाडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना मारा आणि रात्रभर मुरू द्या. निघायच्या घाईत मारलेला स्प्रे रिमवर आणि पँटवर जातो. साधारण दर 500 किमीला, आणि पावसात भिजली की त्याच संध्याकाळी. चेन पूर्ण कव्हरमध्ये आहे म्हणून विसरू नका, कव्हरवरच्या रबरी बुचामागे भोक चेन बघण्यासाठीच ठेवलेलं आहे.

डबल स्टँडवर गाडी गिअरमध्ये टाकून, फिरत्या चेनला फडकं धरणारे व्हिडिओ बघून शिकू नका. फडकं अडकलं की बोट स्प्रॉकेटमध्ये जातं. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, चाक हाताने.

चेन लॉकच्या (चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीच्या) पत्तीचं बंद टोक चेन फिरते त्या दिशेला हवं. उलटी बसवलेली पत्ती निसटते, आणि तुटलेली चेन पुढे गोळा होऊन क्रँककेस फोडू शकते. हे काम करून आणलं असेल तर घरी वाकून स्वतः बघा.

दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवा. स्विंगआर्मवरच्या खुणांवर माझा पूर्ण विश्वास नाही, मी मागून एक डोळा मिटून चेन सरळ स्प्रॉकेटवर जातेय का ते बघतो. ॲक्सलच्या नटाला स्प्लिट पिन (नट अडकवून ठेवणारी दुहेरी तार) असेल तर नवी घाला.

एवढं झालं की बरेचजण हात धुतात. पण चाक मागे सरकलं की ड्रम ब्रेकचा रॉडही ओढला जातो आणि पेडलचा प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, कमी होतो. मग ब्रेक घासत राहतो, ड्रम तापतो, आणि "चेन केल्यापासून गाडी ओढत नाही" म्हणून फोन येतो. चाक हाताने फिरवा, अडकत असेल तर ब्रेकचा नट सोडून प्ले परत लावा आणि ब्रेक लाइट योग्य वेळी लागतो का तेही बघा.