पंप ठीक होता, गाडी एअर पकडत होती

रात्रभर उभी राहिली की आमची जुनी दहाचाकी सकाळी लागायची नाही. हँड प्रायमर (हाताने डिझेल चढवायचा छोटा पंप) मारला की लगेच सुरू. मेकॅनिक म्हणाला, इंजेक्शन पंप (इंजिनात दाबाने डिझेल सोडणारा) उतरवू. म्हटलं, थांब जरा! टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा) या लाइनीत पारदर्शक नळीचा तुकडा जोडला, तर आत बुडबुडे पळताना दिसले. इथे डिझेल ओढलं जातं, त्यामुळे फट असली तरी बाहेर थेंब दिसेलच असं नाही. हवा मात्र आत शिरते. बॅन्जो बोल्टचे (डिझेलची नळी जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर दबलेले, रबरी होजला क्लिपखाली चीर. दोन्ही बदललं. फिल्टरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा) ढिला करून फेस जाईपर्यंत प्रायमर मारला, धार चालू असतानाच स्क्रू कसला. आता पहिल्या सेल्फला लागते. जुने वॉशर लाल तापवून पाण्यात टाकले की मऊ होतात, पण चार पैशांसाठी तो उद्योग कोण करणार?